प्रतिकारक टोमॅटोच्या मुळांना एप्रिलमध्ये गाठी का आल्या?

गुहागरकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं आहे: भातकापणीनंतर दहा-बारा गुंठ्यांत आम्ही टोमॅटो आणि वांगी करतो. मूळगाठीचा, म्हणजे मातीतल्या सूत्रकृमी नावाच्या सूक्ष्म, धाग्यासारख्या कृमींमुळे मुळांना गाठी येण्याचा त्रास जुना आहे, म्हणून गेल्या हंगामात 'सूत्रकृमी प्रतिकारक' असं लिहिलेलं संकरित टोमॅटोचं बी आणलं. अर्धी लागवड डिसेंबरच्या सुरुवातीला केली, अर्धी फेब्रुवारीअखेर. पहिली छान झाली. दुसरी एप्रिलमध्ये उपटून पाहिली तर मुळं गाठींनी भरलेली. पाकीट एकच होतं. दुकानदार म्हणतो पाण्याचं गणित चुकलं, शेजारी म्हणतात बी नकली. खरं काय? आणि वांगी, मिरची, भात, मिरी यांत अशा जाती आहेत का?

बी नकली असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. नकली असतं तर डिसेंबरच्या झाडांनाही बहुधा थोड्याफार गाठी दिसल्या असत्या. दोन लागवडींमध्ये बदलली ती मुख्यतः जमिनीतली उष्णता. अशा टोमॅटोत सूत्रकृमींना रोखणारं एक जनुक असतं, ते जमिनीचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर टिकून राहिलं की ढिलं पडतं, आणि आपल्या किनारपट्टीवर मार्चपासून उघड्या वाफ्याची माती दिवसाचे कितीतरी तास त्याच्या वरच असते. पाकिटावर ही गोष्ट सहसा लिहिलेली नसते.

आत काय घडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. अंड्यातून निघालेलं सूत्रकृमीचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. ते मुळाच्या कोवळ्या टोकाजवळून आत शिरतं, पेशींच्या मधून वाट काढत अन्नपाणी वाहणाऱ्या भागाशी पोहोचतं आणि तोंडातल्या सुईनं तिथल्या मोजक्या पेशींमध्ये लाळ सोडतं. त्या पेशी मग प्रचंड फुगतात आणि झाडाचं अन्न तिकडे वळतं. सूत्रकृमीची मादी एकदा तिथं बसली की जागची हलत नाही. आयुष्यभर त्या पेशींवर जगते, नासपतीसारखी फुगते आणि चिकट गोळ्यात काही शे अंडी घालते. उबदार जमिनीत हे सगळं चक्र महिनाभरात पुरं होतं. तुमच्या चार महिन्यांच्या पिकात अशा तीन-चार पिढ्या सहज होऊन जातात.

प्रतिकारक टोमॅटोतही पिल्लू शिरतंच. फरक पडतो तो त्यानं पेशींत लाळ सोडल्यावर. झाडाला त्याची चाहूल लागते आणि ज्या पेशींवर ते बसणार त्याच पेशी झाड दिवसभराच्या आत मारून टाकतं. बसायला जागा नाही, खायला अन्न नाही, मग पिल्लू उपाशी मरतं किंवा बाहेर निघून जातं. हे घडवणाऱ्या जनुकाचं नाव एमआय-१. ते मूळचं आपल्या टोमॅटोतलं नाही, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडच्या सोलॅनम पेरूव्हियानम या रानटी जातभाईतलं. त्याचा आणि आपल्या टोमॅटोचा संकर केला तर बी धरत नाही. म्हणून १९४४ साली स्मिथ या संशोधकानं अर्धवट वाढलेला गर्भ फळातून काढून काचेत वाढवला आणि एक रोप जगवलं. आज जगात विकले जाणारे एमआय-१ असलेले टोमॅटो त्या एका रोपाच्या वंशातले आहेत. १९९८ मध्ये हे जनुक वेगळं करून वाचता आलं, तेव्हा कळलं की तेच एका जातीच्या माव्यालाही रोखतं. इतक्या कष्टानं मिळालेली आणि इतक्या एकाच धाग्यावर लटकलेली गोष्ट आहे ही. ती जपून वापरा असं मी प्रत्येकाला सांगतो, त्याचं कारण हे.

उष्णतेचा परिणामही जुनाच माहीत आहे. १९६९ साली ड्रॉपकिन यांनी दाखवलं की २८ अंशांना पेशी मारण्याची ही प्रतिक्रिया दिसते आणि ३३ अंशांना तेच टोमॅटो साध्या जातीसारखे बळी पडतात. पिल्लू शिरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. तेवढ्यात ते बसलं की बसलं, नंतर माती थंड झाली तरी फारसा उपयोग नाही. जास्त उष्णतेतही टिकणारी जनुकं रानटी टोमॅटोंमध्ये सापडली आहेत, पण दुकानातून आणून लावावी अशी जात अजून त्यातून आलेली नाही.

म्हणून डिसेंबरची लागवड हीच या बियाण्याची खरी वेळ. मी तर म्हणेन, भात लवकर निघत असेल तर नोव्हेंबरमध्येच रोपं लावा, म्हणजे मुळांचा मुख्य विस्तार थंडीत होऊन जातो. फेब्रुवारीअखेरीची लागवड करायचीच असेल तर पेंढ्याचं चांगलं चार बोटं जाड आच्छादन घाला आणि साधा माती-थर्मामीटर चार इंच खोल खुपसून दुपारी तीनच्या सुमारास वाचा. आच्छादनाखालचा आणि उघड्या सरीतला फरक पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तरीही एप्रिल-मेसाठी या जनुकावर विसंबू नका. त्या दिवसांत त्या वाफ्यात तीळ किंवा ताग घ्या. दोन्हींवर मूळगाठीचे सूत्रकृमी फारसे वाढत नाहीत, आणि ताग गाडला की खत होतं ते वेगळं.

दुसरीही एक शंका आहे, ती तुम्हीच तपासायची. डिसेंबरचा वाफा भाताच्या खाचरातला होता का? चिखलणी करून तीन-चार महिने पाणी उभं राहिलेल्या खाचरात टोमॅटोवर येणारे सूत्रकृमी पुष्कळ कमी होतात. आपल्याकडच्या भात-भाजी पद्धतीची ही मोठी जमेची बाजू, आणि कुणी तिच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही. फेब्रुवारीची लागवड वरकसात, म्हणजे उताराच्या कोरड्या जमिनीत, पुळणीच्या रेताड जमिनीत किंवा आधी वांगी, भेंडी, काकडी होऊन गेलेल्या जागी केली असेल तर तिथली सुरुवातच कितीतरी जास्त सूत्रकृमींनी झाली असणार. वरून उष्णता. दोन्ही मिळून जे व्हायचं तेच झालं.

आता पाकीट कसं वाचायचं ते. चांगल्या संकरित बियाण्याच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकावर रोगांची इंग्रजी आद्याक्षरं छापलेली असतात. त्यात एमए, एमआय, एमजे ही अक्षरं शोधा. अरेनेरिया, इन्कॉग्निटा आणि जाव्हानिका या मूळगाठीच्या तीन सूत्रकृमींची ती खूण. त्यांच्याआधी एचआर असेल तर प्रतिकार जास्त, आयआर असेल तर मध्यम. नुसतं 'रोगप्रतिकारक' लिहिलं असेल तर त्यात सूत्रकृमी आलेच असं धरू नका. अर्का रक्षक हा बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा चांगला संकरित टोमॅटो तिहेरी प्रतिकारक म्हणून ओळखला जातो, पण ते तीन म्हणजे पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. सूत्रकृमी त्यात नाहीत. हिसार ललित आणि पीएनआर-७ या सरळ जाती मात्र मूळगाठीला प्रतिकारक म्हणूनच निवडलेल्या आहेत. सरळ जातीचं बी घरी धरता येतं. संकरिताचं धरू नका. अशा बहुतेक संकरितांत हे जनुक एकाच बाजूनं आलेलं असतं, त्यामुळे घरी धरलेल्या बियांतल्या साधारण चार रोपांमागे एकात ते नसतंच, आणि कुठलं ते बाहेरून दिसत नाही.

आणि एक. एमआय-१ वरच्या तीन सूत्रकृमींना रोखतं. एंटरोलोबी नावाच्या चौथ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. हा पेरूच्या बागांमधून गेल्या काही वर्षांत देशात पसरला, आणि पसरला तो रोपवाटिकांच्या पिशव्यांतल्या मातीतून. बाहेरगावाहून पेरूची कलमं आणताना पिशवी फाडून मुळं पाहिल्याशिवाय ती भाजीच्या वाफ्याजवळ नेऊ नका. विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी.

वांग्याचं उत्तर वेगळं आहे. वांग्यात टोमॅटोसारखं भरवशाचं जनुक नाही. रानटी जातभाईंमध्ये प्रतिकार आहे, पण तो गोड वांग्यात उतरवणं फार अवघड गेलं आहे. तेव्हा मी सरळ कलम करायला सांगतो. कोकणात हे कुणाला नवीन नाही. रायवळ खुंटावर हापूसची काडी आपण पिढ्यान्‌पिढ्या बांधतो, तसंच रानवांग्याच्या खुंटावर खायच्या वांग्याची काडी. खुंट घ्यायचा सोलॅनम टॉर्व्हमचा, म्हणजे ते काटेरी, पांढऱ्या फुलांचं, वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांच्या घोसांचं झुडूप. तमिळनाडूत ती फळं वाळवून खातात. त्याची मुळं इन्कॉग्निटा सूत्रकृमीला चांगली दाद देत नाहीत आणि जिवाणूजन्य मरीपुढेही टिकतात. आपल्या जांभ्या जमिनीत सूत्रकृमीपेक्षाही ती मर जास्त झाडं घालवते, आणि सूत्रकृमीनं मुळांना केलेल्या जखमांतून तो जिवाणू आणखी सहज आत जातो. दोन्हींवर एकाच खुंटाचा इलाज होत असेल तर मेहनत वाया जात नाही. जाव्हानिका सूत्रकृमीच्या बाबतीत मात्र या खुंटाचं वागणं ठिकाणानुसार बदलतं, तेव्हा आधी थोडी झाडं लावून पाहा.

करताना अडचण येते ती उगवणीची. टॉर्व्हमचं बी हट्टी आहे, पुढेमागे उगवतं आणि रोपाची वाढ सुरुवातीला मंद असते. खुंटाचं बी वांग्याच्या आधी तीन-चार आठवडे पेरा. दोन्हींची देठं सारख्या जाडीची झाली की खुंट वरून कापून मधोमध उभी चीर द्या, काडीला खालून पाचरीसारखा आकार द्या, चिरेत बसवा आणि छोटी प्लास्टिकची क्लिप लावा. पुढचे सहा-सात दिवस दमट सावलीत, झाकून. या दिवसांत ऊन किंवा वारा लागला की काडी मान टाकते. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोड गाडला गेला तर काडीला स्वतःची मुळं फुटतात, ती साध्या वांग्याची असतात, आणि सगळी मेहनत फुकट. छत्तीसगडात अशी कलमी वांगी आता व्यापारी पातळीवर होतात. आपल्याकडे आंब्याची कलमं बांधणारे कुशल हात गावोगाव आहेत. त्यातल्या कुणाला हे शिकवलं तर चार दिवसांत हात बसेल, अशी माझी खात्री आहे. याच खुंटावर टोमॅटोही बांधता येतो, आणि उन्हाळी टोमॅटो करायचाच असेल तर मी त्या वाटेनं जाईन.

मिरचीत परिस्थिती बरी आहे. मिरचीतली काही प्रतिकारक जनुकं टोमॅटोच्या जनुकापेक्षा जास्त उष्णता सोसतात. आपल्याकडे पुसा ज्वालाचं नाव मूळगाठीला प्रतिकारक म्हणून बऱ्याच काळापासून घेतलं जातं. भेंडी, काकडी, दोडका, कलिंगड यांत मात्र भरवसा ठेवावा अशी जात माझ्या पाहण्यात नाही. उलट ही पिकं सूत्रकृमी भरपूर वाढवतात. टोमॅटोच्या आधी त्याच वाफ्यात काकडी घेणं म्हणजे पुढच्या संकटाला आपणच बोलावणं.

भाताचा सूत्रकृमी निराळा आहे, ग्रॅमिनिकोला नावाचा. त्याच्या गाठी मुळाच्या टोकाला येतात आणि टोक आकड्यासारखं वळतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. तो लावणीच्या खाचरापेक्षा उंचवट्यावरच्या कोरड्या दाढीत, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, आणि पेरभातात जास्त त्रास देतो. दाढीतली रोपं ठिकठिकाणी पिवळी, खुजी दिसली की नुसता युरिया टाकू नका, एक मूठ उपटून मुळं धुऊन बघा. प्रतिकार शोधायला शास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या ओरायझा ग्लॅबेरिमा या भाताकडे गेले. तो या सूत्रकृमीला चांगली टक्कर देतो, पण आपल्या भाताशी त्याचा संकर केला की दाणे भरत नाहीत, त्यामुळे काम फार संथ चाललं आहे. तोवर आपल्या राब भाजण्याला, म्हणजे दाढीच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या जाळण्याला, कमी लेखू नका. वरच्या थरातली माती तापते, त्यात तणाच्या बियांबरोबर सूत्रकृमीही मरतात. झाडांच्या फांद्या तोडून राब करणं आता परवडत नाही हे मलाही पटतं. मग दाढीची जागा दर वर्षी बदला, मे महिन्यात नांगरून तापू द्या, किंवा ओलवून पारदर्शक प्लास्टिक कागदाखाली तीन-चार आठवडे ठेवा. आपल्याकडचं मेचं ऊन त्यासाठी भरपूर आहे.

मिरीबद्दल विचारलंत ते बरं झालं, कारण तिथं एक फरक स्पष्ट होतो. कालिकतच्या मसाला संशोधन संस्थेची पौर्णमी ही मिरीची जात मूळगाठीच्या सूत्रकृमीला सहनशील म्हणून दिली गेली आहे. सहनशील आणि प्रतिकारक या दोन वेगळ्या गोष्टी. प्रतिकारक झाडावर सूत्रकृमी वाढत नाहीत. सहनशील झाडावर ते वाढू शकतात, झाड मात्र तग धरतं आणि पीक देतं. सुपारीच्या आगरात सहनशील वेल लावली तर वेल जगेल, पण शेजारच्या केळीला आणि पुढच्या साध्या वेलीला त्या मातीतून धोका राहीलच. शिवाय आगरात राडोफोलस हा मुळं पोखरणारा सूत्रकृमी असतो. तो केळी, मिरी, सुपारी, नारळ सगळ्यांवर जगतो आणि गाठी करत नाही, त्यामुळे कळायलाही उशीर होतो. मुळं तांबूस-काळपट, कुजल्यासारखी दिसली तर शंका घ्या. आगरात केळीचे गड्डे बाहेरून आणू नका. उतीसंवर्धित रोपं घ्या, किंवा गड्डे पांढरे होईपर्यंत तासून ५५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवा.

आता तुमच्या टोमॅटोकडे परत येतो, कारण तुम्ही न विचारलेला धोका तिथं आहे. चांगला निघाला म्हणून तोच प्रतिकारक टोमॅटो त्याच वाफ्यात दर वर्षी लावलात तर तो निकामी होईल. मूळगाठीचे हे मुख्य सूत्रकृमी नराशिवायच पिल्लं देतात, एका मादीचा सगळा वंश जवळपास तिच्यासारखाच. तरीही त्यात कधीतरी एखादी अशी निघते की झाडाला तिची चाहूल लागत नाही. बाकीच्या उपाशी मरतात, ही एकटी वाढते, आणि काही वर्षांत वाफा तिच्याच वंशानं भरतो. जगात हे घडून गेलेलं आहे. इंग्लंडमध्ये मारिस पायपर हा एका कवचधारी सूत्रकृमीला प्रतिकारक बटाटा १९६६ पासून इतका लावला गेला की तो सूत्रकृमी मागे हटला आणि त्याच्या जागी त्याचा भाऊबंद पॅलिडा बळावला, ज्याच्यावर त्या बटाट्यातल्या जनुकाचा काहीच इलाज नव्हता. अमेरिकेत सूत्रकृमी प्रतिकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्वद टक्क्यांहून जास्त सोयाबीन जाती पीआय ८८७८८ या एकाच मूळ वाणावर उभ्या आहेत, आणि तिथले सूत्रकृमी आता त्याच वाणावर वाढायला शिकले आहेत. त्यांच्याकडे दुसरे वाण शोधायला मोठ्या संस्था आहेत. तुमच्याकडे दहा गुंठे आहेत.

मी आखणी अशी सुचवेन. पावसाळ्यात जिथं पाणी उभं राहतं तिथं भात, दर वर्षी. त्यावर एका वर्षी प्रतिकारक टोमॅटो, पुढच्या वर्षी कलमी वांगी, तिसऱ्या वर्षी झेंडू किंवा पांढरा कांदा. झेंडूच्या मुळांतून निघणारी द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात, पण बांधावर चार झाडं लावून ते काम होत नाही. वाफाभर दाट लावावा लागतो आणि दोन-अडीच महिने राहू द्यावा लागतो. करंज किंवा निंबोळी पेंड लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा, त्यानं सुरुवातीचा जोर कमी होतो. पीक संपलं की मुळं वाफ्यात सोडू नका. शेवटचा तोडा झाला की टोमॅटो तसाच वाळू देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि त्या वाळत्या मुळांवर आणखी एक पिढी निघते. तोडा संपला की त्याच आठवड्यात झाडं मुळासकट खणा, उन्हात कडक वाळवा, जाळा.

तुमच्या वाफ्यात त्या टोमॅटोला पुरून उरणारे सूत्रकृमी तयार झालेत का, हे घरीच कळू शकतं. येत्या नोव्हेंबरमध्ये त्या एप्रिलच्या वाफ्यातली माती मुळांच्या खोलीवरून, आठ-दहा ठिकाणची, एकत्र करून दोन-दोन कुंड्यांत भरा. दोन कुंड्यांत तोच प्रतिकारक टोमॅटो, दोन कुंड्यांत कुठलाही साधा टोमॅटो लावा. कुंड्या सावलीत, गार जागी ठेवा. उन्हात ठेवल्यात तर कुंडीतली माती तापून सगळी चाचणीच खोटी ठरेल. चाळीस दिवसांनी कुंड्या पाण्याच्या बादलीत उलट्या करा, मुळं न ओढता माती सोडवा आणि पांढऱ्या ताटात पसरून बघा. एखादी गाठ ब्लेडनं चिरली की आत टाचणीच्या डोक्याहून लहान, मोत्यासारखी पांढरी मादी साध्या भिंगातून दिसते. गाठीला बाहेरून तपकिरी चिकट ठिपका असेल तर ती अंडी. साध्या टोमॅटोला गाठी आणि प्रतिकारकाची मुळं स्वच्छ असतील तर गेल्या वर्षी उष्णतेनंच घात केला असं समजा आणि ते बी थंडीत बिनधास्त लावा. दोन्हींना सारख्याच गाठी आल्या तर त्या वाफ्यात तरी ती जात पुन्हा लावू नका, आणि धुतलेली मुळं व ओली माती वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दापोलीच्या कृषी विद्यापीठात कोणता सूत्रकृमी आहे ते ओळखून घ्या. साध्या टोमॅटोलाही गाठी नसतील तर तुमच्या खाचरातल्या पाण्यानं आपलं काम केलं आहे, आणि त्या वाफ्यात महागडं प्रतिकारक बी घेण्याची यंदा गरज नाही.

शेवटी एक सूचना. शेजारी चवळी किंवा वाल असेल आणि त्यांच्या मुळांवर गोळे दिसले तर घाबरून उपटू नका. नत्र धरणाऱ्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटानं घासलं की सुटतात आणि आतून गुलाबी निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही.